व्हायोलिनचा गज, कुरियर कंपनी आणि सीमाशुल्काचे न सांगितलेले पैसे

जर्मनीतील एका वाद्यविक्रेत्याकडून मी कार्बन फायबरचा एक व्हायोलिनचा गज (बो) आणि तारांचे दोन संच मागवले होते, आणि ते एका आंतरराष्ट्रीय कुरियर कंपनीमार्फत बेळगावात माझ्या घरी पोहोचले. हे परीक्षण गजाविषयी आणि विक्रेत्याविषयी थोडेसेच आहे. त्याचा मोठा भाग त्या कुरियर कंपनीने सीमाशुल्काची रक्कम ज्या पद्धतीने माझ्याकडून वसूल केली, त्या सेवेविषयी आहे. सीमाभागात संगीत शिकणारी आणि शिकवणारी अनेक घरे आहेत, त्यांच्यापैकी बरेच जण आता परदेशातून थेट सामान मागवू लागले आहेत, आणि पार्सल दाराशी येऊन ठेपल्यावर मागितली जाणारी रक्कम पाहून त्यांच्यापैकी जवळजवळ प्रत्येक जण गोंधळतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडे वाद्यांची अडचण नाही, असे बाहेरच्यांना वाटते. तंबोरा किंवा सतार हवी असेल तर मिरज रेल्वेने काही तासांवर आहे, आणि तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हार्मोनियम दुरुस्त करणारे हात बेळगाव-धारवाड पट्ट्यात आजही आहेत. व्हायोलिनच्या चांगल्या तारा आणि चांगला गज मात्र या सगळ्या परिसरात सहज मिळत नाही. मुंबईच्या दुकानात मिळाला तरी हवा तो प्रकार शिल्लक असेलच असे नाही, त्यामुळे परदेशी विक्रेत्याकडे वळणे ही आमच्यासाठी चैन नसून गरज असते.

वस्तूबद्दल थोडक्यात सांगतो. गजाचा तोल उत्तम आहे, विलंबित आलापात दीर्घ स्वर धरताना टोकापर्यंत दाब सारखा राहतो, आणि पावसाळ्यातल्या बेळगावच्या ओल्या हवेत लाकडी गजाला जो बाक येण्याची धास्ती असते ती इथे नाही. पेर्नाम्बुको या ब्राझीलच्या लाकडाचे गज नादाला अधिक गोड असतात हे मला मान्य आहे. परंतु ते झाड २००७ पासून धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे आयातीत कागदपत्रांचा प्रश्न निघू नये, या विचाराने मी कार्बन फायबर निवडले. विक्रेत्याने पॅकिंग चोख केले होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे माल युरोपीय संघाबाहेर जाणार असल्यामुळे त्याने जर्मनीचा १९ टक्के मूल्यवर्धित कर आपणहून वजा केला. संकेतस्थळावर २८५.६० युरो दिसणारी खरेदी मला २४० युरोंना पडली. सगळेच विक्रेते हे करत नाहीत. जो करत नाही त्याच्याकडून घेतल्यास आपण जर्मनीचा कर तर भरतोच, शिवाय त्या फुगलेल्या किमतीवर भारताचे सीमाशुल्कही भरतो, म्हणून मागणी नोंदवण्यापूर्वी हा एक प्रश्न विचारलाच पाहिजे.

आता कुरियर कंपनीकडे येतो. पार्सल भारतात पोहोचल्यावर मला पहिला संदेश आला तो ओळखपत्राची प्रत अपलोड करण्याचा. व्यक्तिगत आयातीसाठी ग्राहकाची ओळख पटवणे कुरियर कंपनीला बंधनकारक आहे, त्यामुळे यात गैर काही नाही. परंतु विक्रेत्याच्या यंत्रणेत शहराचे नाव जुन्या इंग्रजी रूपात होते आणि माझ्या आधारकार्डावर १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत झालेले ‘बेळगावी’ हे रूप होते. एवढ्या फरकापायी माझी कागदपत्रे अमान्य करण्यात आली, आणि पिनकोड, रस्ता, घरक्रमांक सर्व जुळत असूनही पार्सल अडकून राहिले. हे नाव बदलून एक तप उलटत आले आहे. आमच्या जिल्ह्यात माल पोहोचवण्याचे पैसे घेणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेला दोन्ही रूपे माहीत असायला हवीत, अशी अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

ते निस्तरल्यावर दुसरा संदेश आला. त्यात एक लिंक होती, ‘कस्टम्स ड्यूटी’ असे दोन शब्द होते आणि ९,८९१ रुपये ही रक्कम होती. पैसे कोणत्या दराने, कशावर आणि कोणाला जाणार, यातले काहीही त्यात नव्हते. पार्सल देण्यासाठी जो मुलगा आला तो कंपनीचा नोकरही नव्हता, कारण बेळगावात त्या कंपनीची शाखा नाही आणि शेवटच्या टप्प्याचे काम ती स्थानिक कुरियरवाल्याकडे सोपवते. “मला काही माहिती नाही सर, पैसे भरलेले दिसले की पार्सल द्यायचं एवढंच सांगितलंय आम्हाला,” असे तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे खरे होते.

मी तपशील मागितला. अनेक ईमेलनंतर जी फोड मिळाली, ती अशी होती: सीमाशुल्क ९,००६ रुपये, कंपनीने ते शुल्क माझ्या वतीने आगाऊ भरल्याबद्दलचा आकार ७५० रुपये, आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १३५ रुपये. म्हणजे ज्या रकमेला कंपनीने ‘कस्टम्स ड्यूटी’ म्हटले होते, तिच्यातले ८८५ रुपये सरकारी सीमाशुल्क नव्हतेच. तो कंपनीचा स्वतःचा आकार आणि त्यावरचा कर होता. आकार घेण्याला माझा विरोध नाही. कोणी आपल्यासाठी आधी पैसे भरले, कागदपत्रे दाखल केली, तर त्याचा मोबदला त्याला मिळावा. परंतु तो मोबदला सरकारच्या नावाखाली मागणे आणि ग्राहकाने खोदून विचारल्याशिवाय न सांगणे, याला मी सेवा म्हणू शकत नाही.

उरलेल्या ९,००६ रुपयांचे काय, हे पाहण्यासाठी मी बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे आयात मालाबद्दल सीमाशुल्क विभागाकडे दाखल होणाऱ्या विवरणपत्राची, प्रत मागितली. परदेशातून काही मागवणाऱ्या प्रत्येकाने ही प्रत मागावी, कारण आपल्या नावाने सीमाशुल्क विभागाकडे काय सांगितले गेले ते फक्त तिच्यातच दिसते. पुढचा हिशेब समजायला सोपा जावा म्हणून मी युरोचा दर पूर्ण १०० रुपये धरतो आणि सगळे आकडे त्याच दराने देतो. प्रत्यक्षात सीमाशुल्क विभाग आयातीसाठी जो विनिमय दर जाहीर करतो तोच लागतो. आपल्या बँकेने कार्डावर लावलेला दर इथे चालत नाही.

शुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर आकारले जात नाही, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. वस्तूची किंमत, तिथून इथपर्यंतचा वाहतूक खर्च आणि विमा या तिन्हींची बेरीज म्हणजे शुल्कासाठीचे मूल्य. विम्याचा खरा आकडा उपलब्ध नसेल तर वस्तूच्या किमतीच्या १.१२५ टक्के धरला जातो. माझ्या बाबतीत वस्तू २४,००० रुपये, वाहतूक ३,००० रुपये आणि विमा २७० रुपये, असे २७,२७० रुपये व्हायला हवे होते. वाद्ये आणि त्यांचे सुटे भाग यांवर मूळ सीमाशुल्क १० टक्के आहे, म्हणजे २,७२७ रुपये. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे सुमारे २७३ रुपये. मग मूल्य, मूळ शुल्क आणि अधिभार यांच्या एकूण बेरजेवर १८ टक्के एकात्मिक जीएसटी, म्हणजे ५,४४९ रुपयांच्या आसपास. करावर कर चढत जातो तो असा, आणि म्हणून १० आणि १८ मिळून २८ टक्के न होता प्रत्यक्ष भार ३०.९८ टक्के होतो. माझे शुल्क या हिशेबाने ८,४४८ रुपये असायला हवे होते.

कंपनीने भरलेले शुल्क त्याहून ५५८ रुपयांनी अधिक निघाले, आणि त्याचे कारण बिल ऑफ एंट्रीच्या एका ओळीत होते. वाहतूक खर्चाच्या रकान्यात ३,००० ऐवजी ४,८०० रुपये लिहिलेले होते. २००७ च्या मूल्यनिर्धारण नियमांनुसार वाहतुकीचा खर्च कळत नसेल तर वस्तूच्या किमतीच्या २० टक्के धरावा लागतो, आणि हवाई मार्गाने आलेल्या मालासाठी खरा खर्च त्याहून जास्त असला तरी २० टक्क्यांपेक्षा अधिक मोजता येत नाही. ही मर्यादा आयात करणाऱ्याच्या रक्षणासाठी आहे. माझ्या इनव्हॉइसवर ३० युरो वाहतूक खर्च स्वतंत्र ओळीत स्पष्ट छापलेला असताना कंपनीच्या क्लिअरन्स विभागाने तो वाचण्याचे कष्ट न घेता सरळ २० टक्के टाकून दिले. रक्कम लहान आहे. परंतु जिथे दिवसाला हजारो पार्सले सुटतात तिथे ही सवय किती लोकांना किती महाग पडत असेल, याचा विचार केल्यावर मला ती लहान वाटेनाशी झाली.

मी हे लेखी कळवल्यावर चूक मान्य करण्यात आली, हे नोंदवणे न्यायाचे आहे. पण दुरुस्तीचा मार्ग ऐकून मी थक्क झालो. एकदा दाखल झालेल्या बिल ऑफ एंट्रीत सीमाशुल्क कायद्याच्या कलम १४९ खाली दुरुस्ती करून घ्यावी लागते आणि जास्तीचे शुल्क परत मिळवण्यासाठी कलम २७ खाली एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. इथवर कंपनीचे म्हणणे बरोबर होते. त्यापुढे तिने या दुरुस्तीसाठी माझ्याकडूनच वेगळा आकार मागितला, आणि तो आकार परत मिळू शकणाऱ्या ५५८ रुपयांपेक्षा अधिक होता. आपल्या कर्मचाऱ्याने न वाचलेल्या ओळीचा भुर्दंड ग्राहकाने दोनदा सोसावा, असाच याचा अर्थ होतो.

मी ही तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागण्याची सोय आहे, त्यामुळे कंपनीचे कार्यालय मुंबईत किंवा बेंगळुरूत असले तरी बेळगावच्या ग्राहकाला तिकडे जावे लागत नाही, आणि ई-जागृती या संकेतस्थळावरून तक्रार दाखलही करता येते. शुल्काची आकारणीच चुकीची वाटत असेल, म्हणजे वस्तूचे वर्गीकरण किंवा दर अधिकाऱ्याने चुकीचा लावला असेल, तर तो वाद कुरियर कंपनीशी नसून सीमाशुल्क विभागाशी असतो आणि त्यासाठी आयुक्त (अपील) यांच्याकडे ६० दिवसांत अपील करावे लागते. हे दोन मार्ग लोक एकमेकांत मिसळतात आणि मग दोन्हीकडून रिकाम्या हाताने परततात.

केवळ लिंक आणि रक्कम पाठवण्याची ही पद्धत आणखी एका कारणाने घातक आहे. ‘तुमचे पार्सल कस्टम्समध्ये अडकले आहे, ताबडतोब पैसे भरा’ असे सांगून लुबाडणाऱ्या टोळ्या सध्या सर्वत्र आहेत, आणि खऱ्या कंपनीचा संदेश जर त्यांच्या संदेशासारखाच दिसत असेल तर सामान्य माणसाने फरक करायचा कसा? सीमाशुल्क विभाग कोणाच्याही व्यक्तिगत खात्यात फोनवरून पैसे मागत नाही. नोव्हेंबर २०१९ पासून विभागाच्या अधिकृत पत्रव्यवहारावर एक दस्तऐवज ओळख क्रमांक असतो, आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. कुरियर कंपनीच्या बाबतीत संदेशातली लिंक न उघडता कंपनीच्या मूळ संकेतस्थळावर आपला पार्सल क्रमांक टाकून तीच रक्कम तिथे दिसते का ते पाहावे. मी तसेच केले आणि मगच पैसे भरले. माझ्याकडे खानापूर तालुक्यातून शिकायला येणाऱ्या मुलांचे पालक हे सगळे करू शकतील का, याची मला काळजी वाटते. ग्राहक सेवेच्या दूरध्वनीवर फक्त हिंदी आणि इंग्रजीचा पर्याय होता. कन्नडही नव्हती आणि मराठीही नव्हती, आणि पैशांच्या बाबतीत माणसाला आपल्या भाषेत विचारता न येणे ही किरकोळ गैरसोय नाही.

एक गैरसमज इथे दूर करणे आवश्यक आहे, कारण तो आमच्या गावात फार पसरलेला आहे. पाच हजार रुपयांपर्यंतचे सामान शुल्कमुक्त येते, किंवा परदेशातल्या नातेवाइकाने पार्सलवर ‘भेटवस्तू’ असे लिहिले की काही भरावे लागत नाही, असे अनेकांना अजूनही वाटते. भेटवस्तूंची ती सवलत १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने बंद झाली. जीवरक्षक औषधे आणि राखी एवढेच अपवाद राहिले. अमेरिकेतल्या किंवा आखातातल्या भावाला बेळगावची बहीण राखी पाठवते तेव्हा तिथले नियम लागतात, पण तिकडून बहिणीने इकडे पाठवलेली राखी अडत नाही. तिच्याबरोबर ठेवलेले घड्याळ मात्र शुल्कास पात्र ठरते. विकत घेतलेल्या मालाला किमान किमतीची कुठलीही सूट नाही. शुल्काची रक्कमच १०० रुपये किंवा त्याहून कमी होत असेल तर ती वसूल केली जात नाही, एवढीच काय ती मोकळीक. त्यामुळे किंमत कमी दाखवायला विक्रेत्याला सांगणे, हा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो देऊही नये आणि घेऊही नये: खोटे मूल्य पकडले गेले तर दंड भरावा लागतो आणि माल जप्तही होऊ शकतो.

टपालाचा अनुभव तुलनेसाठी सांगतो. पूर्वी मी तारा पोस्टाने मागवल्या आहेत. पार्सल भारतातल्या परदेशी टपाल कार्यालयात उघडून तपासले जाते, शुल्काचा कागद त्यालाच जोडून येतो, आणि ते पैसे पार्सल सोडवताना टपाल खात्याकडे भरून पावती मिळते. टपाल खात्याचा स्वतःचा आकार कुरियर कंपनीच्या मानाने अगदी नाममात्र असतो आणि तो वेगळा दिसतो. वेळ मात्र बराच जातो, आणि पार्सल नेमके कुठे आहे हे मधल्या काळात समजत नाही. शिवाय टपालाने आलेल्या व्यक्तिगत वापराच्या वस्तूंना सीमाशुल्काच्या दरपत्रकातले ९८०४ हे एकच शीर्षक लावले जाऊ शकते. त्याचे दर वेळोवेळी बदलत आले आहेत; एके काळी ३५ टक्के मूळ शुल्क, त्यावरचा अधिभार आणि २८ टक्के जीएसटी मिळून तो भार ७७.२८ टक्क्यांवर पोहोचला होता. म्हणून वाद्याच्या बाबतीत कुठला मार्ग स्वस्त, हे त्या वेळचे दर पाहूनच ठरवावे. तिसरा मार्ग म्हणजे शुल्क आधीच किमतीत धरून घेणारे विक्रेते. ते थोडे महाग वाटतात, पण दाराशी आल्यावर एक रुपयाही द्यावा लागत नाही, आणि ज्यांना कागदपत्रांचा पाठपुरावा करणे जमणार नाही त्यांना मी हाच मार्ग सुचवेन.

परतीचा विचारही आधीच करावा. गज पसंत पडला नसता तर विक्रेत्याने त्याची किंमत परत दिली असती, परंतु भारतात भरलेले शुल्क आपोआप परत मिळाले नसते. न वापरलेला माल दोन वर्षांच्या आत परत निर्यात केल्यास कलम ७४ खाली ९८ टक्क्यांपर्यंत शुल्क परत मागता येते खरे, पण त्यासाठी निर्यातीची सर्व कागदपत्रे करावी लागतात, आणि एका गजासाठी ते कोणी करील असे मला वाटत नाही. वाद्याच्या बाबतीत, जिथे हातात घेतल्याशिवाय पसंती ठरत नाही, हा धोका मोठा आहे.

गजाला मी पाचपैकी साडेचार गुण देतो आणि विक्रेत्याला पूर्ण पाच. कुरियर कंपनीला वेगासाठी गुण द्यावे लागतील, कारण जर्मनीहून मुंबईपर्यंत माल तिने खरोखर लवकर आणला; परंतु हिशेबातील पारदर्शकता, इनव्हॉइस वाचण्याची तसदी आणि तक्रारीवरचे उत्तर या तिन्हींत ती इतकी कमी पडली की मी तिला पाचपैकी दीडच गुण देऊ शकतो. तिने पहिल्याच संदेशात चार ओळींची फोड दिली, बिल ऑफ एंट्रीची प्रत न मागता पाठवली आणि आपल्या चुकीची दुरुस्ती आपल्या खर्चाने केली, तर मी हे मत बदलायला तयार आहे. तूर्त तारांची पुढची मागणी मी त्याच विक्रेत्याकडे, ९८०४ चा सध्याचा दर पाहून, टपालाने पाठवण्यासाठी नोंदवली आहे. इनव्हॉइसवर वाहतूक खर्च आणि विमा स्वतंत्र ओळींत लिहावा, शहराचे नाव आधारकार्डावर आहे तसेच घालावे आणि पार्सलवर चिकटवल्या जाणाऱ्या सीमाशुल्क घोषणापत्राची प्रत माल निघण्यापूर्वी मला ईमेलने पाठवावी, असे मी कळवले होते, आणि त्याने तिन्ही गोष्टी केल्या आहेत.